मचव्यावरची पंगत आणि सुताची नाडी

परवा सूनबाई विचारत होती, "आत्याबाई, आगबोटीवर मुलांना जेवायला बसवताना अंगात काय घालू हो?" मुलांना घेऊन ती मुंबईहून आगबोटीने रत्नागिरीस माहेरी जायची आहे. ट्रंक उघडी, भोवती कपड्यांचा ढीग आणि मध्ये ही बसलेली. मी म्हटलं, "मला काय विचारतेस बाई? आगबोट मी लांबून पाहिलेली. मी आपली मिठाच्या मचव्यातली, शिडाच्या होडीतली." ती हसली. मी भिंतीला पाठ टेकून बसले ती बसलेच. हल्ली असंच होतं, बसलं की उठवत नाही. पण तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. हाच प्रश्न एका माघात आमच्या घरी पंधरा दिवस चालला होता. त्या पंधरा दिवसांत मी जेवढी दमले, तेवढी पुढे चार बाळंतपणांतही दमले नाही.

म्हणून लिहून ठेवते आहे. माझं लिहिणं कसंबसं. आम्हाला शाळेत कोण घालणार? मुलगा खेळायला गेला की त्याच्या पाटीवर गिरवून शिकले. कुठे चुकलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

आम्ही तेव्हा कल्याणला, बंदराजवळ राहायचो. सासरे, त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो, एका मिठाच्या व्यापाऱ्याकडे कारकून होते. हे ठाण्याला कचेरीत. आगगाडी होऊन वीसेक वर्षं झाली होती, त्यामुळे शनिवारी घरी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. मोठे दीर नोकरीसाठी घाटावर. घरात सासूबाई, मोठ्या जाऊबाई, त्यांची पाच मुलं, आणि मी नि माझा मुलगा. तो पाच वर्षांचा होता. त्याच्या आधीची एक मुलगी होती. ती आदल्या माघात गेली. छाती भरली आणि तीन दिवसांत गेली. त्याबद्दल एवढंच लिहिते.

त्या वर्षी पौषात मुलालाही खोकला धरला. बारा दिवस ताप होता. शहाडहून वैद्य येऊन बघून गेले. ताप उतरला तेव्हा म्हणाले, "आता औषध काही नाही. माघाचा वारा तेवढा याच्या छातीला लागू देऊ नका." एवढंच सांगितलं, पण मी ते पदराला गाठ मारावी तसं बांधून घेतलं.

आणि नेमकं तेव्हाच नणंदेच्या मुलाच्या मुंजीचं बोलावणं आलं. नणंद घोडबंदराच्या अलीकडे, खाडीकाठच्या गावी दिलेली. तिथे आगगाडी नाही, बैलगाडीचा रस्ता म्हणजे हाडं खिळखिळी व्हायची. मामंजींच्या व्यापाऱ्याचा मचवा मीठ भरायला रिकामा तिकडेच जायचा होता. व्यापारी म्हणाला, बसा सगळे. सासूबाईंना ते फार पसंत पडलं. एरवीही त्या आगगाडीला नावंच ठेवायच्या. म्हणायच्या, "त्या बाकावर कोण कोण बसून गेलेलं असतं, देवाला ठाऊक."

सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की मचवा सोडायचा, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास. पोचायला संध्याकाळ. इथवर सगळं ठीक. पण मामंजींनी पंचांग पाहिलं आणि म्हणाले, "त्या दिवशी द्वादशी आहे. आणि तीही दुपारपर्यंतच."

आता हे आजच्या मुलींना सांगावं लागतं, म्हणून सांगते. सासूबाई एकादशीला पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी द्वादशी सरायच्या आत भात खाऊन उपास सोडायचा, त्याला पारणं म्हणायचं. तो नेम त्यांनी लग्नापासून एकदाही चुकवला नव्हता. नुसत्या दशम्या असत्या तर मुलांनी कुठल्याही कपड्यात खाल्ल्या असत्या. भात आला की सोवळं आलं. रोजच्या वापरातलं सुती कापड ओवळं, सुईने शिवलेलं काहीही ओवळं. पानावर बसायचं ते रेशमात नाही तर लोकरीत. आणि लहान मुलांनी रेशमाची लंगोटी लावून उघड्या अंगाने. घरी चुलीच्या उबेला त्याचं काही वाटायचं नाही. पण हे खाडीत, माघात, उघड्या मचव्यावर.

जाऊबाईंचं म्हणणं तिसरंच. त्यांनी मुलांना शिंप्याकडून चिटाच्या बंड्या शिवून घेतल्या होत्या, वर जरीच्या टोप्या. मुलं त्या घालूनच जेवतील, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं.

"मचव्यातून जाणार, दोन्ही काठांची माणसं बघणार," त्या म्हणाल्या. "मुलं उघडीवाघडी बसली तर लोक म्हणतील, हे कुठले दुष्काळातले निघाले?"

"काठावर खेकडे असतात," सासूबाई म्हणाल्या. "बघू देत त्यांना."

"पण आत्याबाई, एवढी शिलाई..."

"बंड्या उतरल्यावर घाल. खेकड्यांसाठी मी माझी पंगत बाटवणार नाही."

असं रोज. सकाळी सोवळ्याची पेटी उघडायची, रेशमाचे तुकडे बाहेर काढायचे, कुणाला कुठला पुरेल ते बघायचं, पेटी बंद. संध्याकाळी पुन्हा उघडायची. सहा मुलं नि चार लंगोट्या. एक मुकटा, म्हणजे मोठ्यांचं रेशमी सोवळं, फाडून दोन करायच्या ठरल्या, मग तो फाडायला सासूबाईंचं मन होईना. मी पाणी भरता भरता ऐकत असायचे. माझा प्रश्न लंगोटीचा नव्हताच, छातीचा होता. पण सासूबाईंसमोर मुलाच्या काळजीचं बोलायची आमची रीत नव्हती. आणि मुलगी गेल्यापासून तर मी बोललेच नव्हते काही. बोलायचा कंटाळा यायचा. रडायचासुद्धा.

माझ्याकडे वडिलांची एक जुनी धाबळी होती. ते गेल्यावर आईने दिलेली. धाबळी म्हणजे लोकरीचं वस्त्र, पूजेला नेसतात ते. लोकर सोवळ्यात चालते. माझ्या मनात आलं, हिची बंडी केली तर? पण शिवायची नाही. सुई लावली की बाटली. मग मी काय केलं, रांजणामागे बसून धाबळीचा एक तुकडा कापला. वडिलांची धाबळी कापताना विळी अडखळत होती, की माझाच हात, कोण जाणे. मधोमध डोकं जाईल एवढी चीर दिली आणि ती पुढून खालपर्यंत उघडी केली, म्हणजे मुलाला घालता येईल. कडेचे लोकरीचे धागे बोटांनी ओढून काढले, बगलेखाली त्यांच्याच गाठी मारल्या. सुई नाही, दाभण नाही, साधी काडीसुद्धा नाही. पुढून बांधायला त्याच धाग्यांची एक नाडी वळली. आठ दिवस लागले. काम उरकलं की रांजणामागे जायचं, दोन गाठी मारायच्या आणि कुणी हाक मारली की उठायचं.

निघायच्या दिवशी पहाटेपासून उभी होते. स्वयंपाकाचं सामान सोवळ्यात बांधायचं, पाण्याच्या घागरी, शेगडी, हदग्याचा पाला, आवळे. पारण्याला ते लागतंच. बंदरावर फळीवरून मचव्यात चढताना मुलाने घाबरून अंगातल्या बंडीची नाडी धरली ती धरली, आणि ती तटकन तुटली. लोकर जुनी, तिच्यात काय बळ असणार? मागून जाऊबाई, "चला, चला, तांडेल ओरडतोय." मी एका हाताने गाठोडं उघडलं आणि हाताला लागली ती नाडी ओढून त्याला बांधली. माझ्या मुलीच्या कुंचीची नाडी होती ती. कुंची देऊन टाकली होती, नाडी मी ठेवून घेतली होती. सुताची. आठ दिवस सुई लागू दिली नाही आणि शेवटी सूत बांधून बसले. तेव्हा ते ध्यानातही आलं नाही. पोराची छाती झाकली, एवढंच बघितलं.

मचवा सुटला. तळाला मिठाचा थर बसलेला, त्यावर चटया टाकल्या होत्या. पुढच्या टोकाला आडवी घोंगडी टांगून आमचा स्वयंपाक, मागच्या टोकाला तांडेल, म्हणजे मचवा हाकणारा, आणि त्याची माणसं. डोंबिवलीची भातशेतं गेली, दिवा गावचा झाडोरा गेला. मी नि जाऊबाई सोवळ्याची रेशमी लुगडी नेसून शेगडी फुंकत होतो. धूर डोळ्यांत, मचवा डुलतोय, भात एका बाजूला कलतोय. मुंब्र्याचा डोंगर मागे पडला आणि समोरून वारा सुटला. असा की घोंगडी शिडासारखी फुगली. तेवढ्यात जाऊबाईंचं तान्हं रडायला लागलं. त्यांनी न राहवून उचललं, त्याच्या अंगात सुती झबलं, म्हणजे जाऊबाई ओवळ्या झाल्या. वाढायला उरले मी एकटी. सासूबाई तर कालपासून निर्जळी, त्यांना आम्ही पुरुषांची आणि मुलांची पंगत उठेपर्यंत बसवून ठेवलेलं.

मामंजी आणि मोठी पाच मुलं अशी पानं मांडली. हो, माझा धरून पाच, सहावं ते तान्हं. जाऊबाईंची चौघं लंगोट्या लावून, अंगावर काटा आलेली, एकमेकांना चिकटून. माझा तेवढा लोकरीत. सासूबाईंनी त्या बंडीकडे एकदा पाहिलं, बगलेखालच्या गाठी पाहिल्या. मग भाताच्या पातेल्याकडे वळल्या. मला वाटलं, जिंकले.

भात वाढला. वरण वाढायला वाकले, तोच त्या म्हणाल्या, "ती नाडी कशाची?"

मी बघितलं. पांढरी, सुताची, कडेला हळदीचा जुना डाग. 

मामंजींचा हात घासावरच थांबला. जाऊबाई मागून म्हणाल्या, "अगं बाई, सूत! मग आता याला आंघोळ घालावी लागणार. अख्खी पंगतच..."

आंघोळ. खाडीचं पाणी, तो वारा.  आजवर मी त्या घरात वर मान करून बोलले नव्हते. माझ्याच तोंडून आलं, "मी नाही घालणार आंघोळ."

 मामंजी समजूत घालायला म्हणाले, "असू दे गं. होडीत शिवाशिव लागत नाही. शास्त्रात सूट आहे."

"सूट शास्त्राने दिली असेल," सासूबाई म्हणाल्या, "मी घेतलेली नाही. तुम्ही शास्त्रात जेवा."

घोंगडीपलीकडून म्हातारा तांडेल ओरडला, "आवो आजी, वारा कवरा सुटलाय! पोराला उगरा नको बशवू!"

"तू तुझी होडी सांभाळ रे बाबा," सासूबाईंनी त्याला सुनावलं. मग जाऊबाईंकडे वळल्या. "आणि तू गं, आंघोळ कुणी सांगितली? मुंज न झालेलं पोर, त्याच्यावर पाणी शिंपडलं की झालं. आजारातून उठलेल्या पोराला खाडीत बुडवतेस काय? मला काय कसाईण समजता?"

पुढे येऊन त्यांनी तुळशीपत्राने मुलावर पाणी शिंपडलं. हळूच उलथन्याच्या टोकाने नाडीची गाठ सोडवली, नाडी त्याच टोकावर उचलली. मला वाटलं, आता गेली खाडीत. मी बघायचं नाही म्हणून तोंड फिरवलं. पण त्यांनी ती तशीच अलगद नेऊन माझ्या गाठोड्यावर ठेवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर मिठाचा एक मोठा खडा टाकला. कुंची त्यांनीच शिवली होती. ओळखली असणार.

पण नाडी गेल्यावर बंडी पुढून सताड उघडी पडली. वाऱ्याने तिचे दोन्ही पदर पाखराच्या पंखांसारखे मागे उडाले. मुलाची छाती बरगड्यांसकट उघडी. त्याला खोकल्याची एक उबळ आली. मग मी पळी खाली ठेवली. त्याच्या मागे बसले, दोन्ही हात पुढे घेतले आणि धाबळीच्या कडा त्याच्या छातीवर धरून ठेवल्या. मी सोवळ्यात होते, माझ्या हाताला काही दोष नव्हता. हात नाडीचं काम करतील. फक्त मग वाढायला कुणी उरलं नाही.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हातारी बाई, काल सकाळपासून घोटभर पाणी नाही. मला वाटलं, आता म्हणतील, ऊठ.

"धर नीट," त्या म्हणाल्या. "डावीकडून वारा जातोय." आणि त्यांनीच पळी उचलली.

एका हाताने डोलकाठीचा दोर धरून त्या वाढत होत्या. वरण, हदग्याची भाजी, पुन्हा भात. मचवा डुलला की त्याही डुलायच्या. जाऊबाईंची मुलं भराभरा जेवून, हात धुऊन चिटाच्या बंड्यांत शिरली. माझा मात्र आजारातून उठलेला. एक घास घ्यायचा, पाण्याकडे बघायचा, बगळा दिसला की थांबायचा. मी कानाशी सांगायचे, "जेव रे राजा, जेव लवकर." माझे हात भरून आले, मुंग्या आल्या, मग कळेनाच की आपले हात आहेत. मांडीखालच्या चटईतून मिठाची ओल वर आली होती. पण सोडायची सोय नव्हती. डोलकाठीची सावली सरकत होती आणि मी तिच्याकडे चोरून बघत होते. वाढता वाढता सासूबाईंना तोंडात काही टाकता येईना, वाढणारीचा हात उष्टा कसा चालेल? या पोराचं जेवण होईपर्यंत त्यांचं पारणं अडलेलं.

मामंजी म्हणाले, "द्वादशी सरत आली बरं का."

"सरू दे," सासूबाई म्हणाल्या. "पोराला घाई करू नका. घशात अडकेल." आणि त्याच्या पानात भाताची आणखी एक मूद घातली. त्याने तीही खाल्ली, हे विशेष. तापातून उठल्यापासून एवढं तो पहिल्यांदाच जेवला.

तो उठला तेव्हा सावली कुठल्या कुठे गेली होती. सासूबाईंनी आपलं पान घेतलं, आवळ्याचा तुकडा हातात धरला आणि मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी वर उन्हाकडे बघितलं, डोलकाठीकडे बघितलंच नाही. म्हणाले, "आहे अजून थोडी. घे."

मामंजींचं आयुष्यातलं एवढं एकच खोटं मी ऐकलं. सासूबाईंना कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी आवळा तोंडात टाकला आणि बराच वेळ तो गिळलाच नाही.

मी सगळ्यांत शेवटी जेवले. गार भात. हात वर उचलवेनात, म्हणून तोंडच पानाशी नेलं.

ऊन उतरता उतरता नणंदेच्या गावी लागलो. जाऊबाईंची मुलं बंड्या-टोप्यांत ऐटीत उतरली. काठावर एक म्हैस सोडून बघायला कुणी नव्हतं. दिवेलागणीच्या आधी मी पडवीत मुलाला घेऊन बसले होते, तो माझ्या मांडीवर झोपला होता, श्वास मोकळा. सासूबाई येऊन शेजारी बसल्या. मांडीवर काहीतरी वळत होत्या. बघितलं तर त्यांच्या स्वतःच्या धाबळीच्या दशा, टोकाचे सुटे धागे. तिपदरी लोकर, ओढून ओढून घट्ट पीळ घातलेला.

"बापाची धाबळी कापलीस ना?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"रांजणामागे बसायचीस. मला दिसत नव्हतं होय? आठ दिवस त्या रांजणाला पाणी कमी नि तुझ्या पदराला लोकरच जास्त. म्हटलं, बघू काय करतेय ती." त्यांनी पीळ ओढून पाहिला. "सगळं नेटकं केलंस आणि शेवटी माती खाल्लीस. हे घे. जुन्या लोकरीची नाडी एकेरी वळतात का कधी? आणि पुन्हा माझ्या पंगतीत सूत आणशील तर बघ."

मी हात पुढे केला तर तो वळेना. त्यांनी तो आपल्या हातात घेतला, मनगटापासून कोपरापर्यंत दाबत राहिल्या. आम्ही दोघी दमलेल्या. आत मुंजीची गडबड चालली होती, कुणीतरी आम्हाला हाका मारत होतं, आणि आम्ही दोघीही उठलो नाही.

तो माघ निघाला. मुलगा वाचला. पुढे त्याच्याच पाटीवर मी शिकले, ते वर लिहिलंच आहे. त्याचं बिऱ्हाड आता ठाण्याला, नौपाड्यात, आणि मी त्याच्यापाशी. सासूबाईंनी त्या द्वादशीचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. पण आधी त्या कुणालाही अभिमानाने सांगायच्या, की आपला नेम एकदाही चुकला नाही. ते मात्र त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

सूनबाईने आज मुलांच्या लोकरीच्या बंड्या मला आणून दाखवल्या. "आगबोटीवर वारा फार असतो म्हणे, जेवताना याच घालते. चालेल ना?" बंड्या छान आहेत, जाड, पुढून चार चार बटणं. मी हातात घेतल्या आणि माझी नजर आपसूक बटणांकडे गेली. बटणं सुताने शिवलेली होती. चारही.

मी बटणं ओढून बघितली. पक्की होती.

"चालेल," म्हटलं, आणि घडी घालून तिच्या हातात दिल्या.